कोरोनावरची औषधं आणि लस : काय ठरलं, काय ठरायचं आहे

(तरुणांच्या ऑनलाइन अभ्यासवर्गात १४ जानेवारी २०२१ रोजी एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.)



परवा शनिवारी, १६ तारखेला, आपल्या देशात कोरोनाविरोधी लसीकरण सुरू होतंय. मंगळवारी पहाटे पुण्याहून लशीचे ट्रक निघाले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आणि त्याच दिवशी घरच्या, मोहल्ल्याच्या, शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लशीविरुद्धचे मेसेजही वाचले असतील. लशीत डुकराची चरबी आहे. लस घेतली की मूल होत नाही. लशीतून चिप घालतात. आधी आपल्या लोकांवर प्रयोग करणार आहेत. मला आयोजकांनी विषय दिलाय उपचार आणि लशींबाबतच्या आशादायक घडामोडींचा. या मेसेजना वळसा घालून तो विषय मांडता येईल, पण मग तुम्ही उद्या घरी दादीला काय सांगणार? म्हणून दोन्ही घेऊनच बोलतो.

आधी औषधांचं पाहू. गेल्या मार्च-एप्रिलमध्ये आम्हा डॉक्टरांच्या हातात काय होतं? ऑक्सिजन होता, व्हेंटिलेटर होता आणि अंदाज होते. कुणी मलेरियाची गोळी देत होतं, कुणी एचआयव्हीची औषधं देत होतं. रुग्ण बरा झाला की औषधाला श्रेय, गेला की नशिबाला दोष. पण कोरोनाचे बहुतेक रुग्ण काहीही न देता बरे होतात. त्यामुळे ‘आमच्या मामूंना दिलं आणि ते बरे झाले’ याला पुरावा म्हणता येत नाही. मालेगावच्या काढ्याचंही तेच. तो प्यायला माझी हरकत नाही, सर्दीत घशाला बरं वाटतं. पण काढा पिणारे आणि न पिणारे यांची नीट तुलना होईपर्यंत त्याने कोरोना बरा होतो असं मी म्हणणार नाही.

नीट तुलना म्हणजे काय? इंग्लंडमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी झाली. दवाखान्यात आलेल्या रुग्णाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं संगणकाने ठरवायचं. म्हणजे तरुण, धट्टेकट्टे रुग्ण एका बाजूला आणि म्हातारे दुसऱ्या बाजूला असं होत नाही. मग दोन्ही गटांत किती दगावले ते मोजायचं. डेक्सामेथासोन हे जुनं, काही रुपयांत मिळणारं स्टेरॉईड. ते २१०४ रुग्णांना दिलं आणि ४३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार दिले. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत, औषध न मिळालेल्या शंभरांतले ४१ दगावले होते आणि औषध मिळालेल्या शंभरांतले २९. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतही मृत्यू कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही, उलट नुकसानाची शंका आली.

हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, कारण आजही केमिस्टकडून स्टेरॉईडची पाकिटं आणून घरी ताप आल्या दिवसापासून घेणारे लोक मला भेटतात. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं. आजार गंभीर होतो तेव्हा हीच प्रतिकारशक्ती बेफाम होऊन फुफ्फुसांवर उलटलेली असते, म्हणून तिथे ते जीव वाचवतं. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी झगडत असतं, तेव्हा तेच औषध दिलं तर आपल्याच सैनिकांचे हात बांधल्यासारखं होतं.

त्याच चाचणीत मलेरियाची गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, नापास झाली. रेमडेसिविरचं इंजेक्शन मिळवायला गेल्या वर्षी लोकांनी दागिने विकले, काळ्या बाजारात अनेक पट पैसे मोजले. काही रुग्णांचा दवाखान्यातला मुक्काम त्याने थोडा कमी होतो असं एका चाचणीत दिसलं होतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही आणि नोव्हेंबरमध्ये संघटनेने ते वापरू नका असा सल्ला दिला. ही बातमी निराशेची वाटते, पण मला ती आशेची वाटते. जे चालत नाही त्याच्यामागे धावण्यातून एखाद्या कुटुंबाची सुटका होणं ही लहान गोष्ट नाही.

आता प्लाझ्माचं सांगतो, कारण ती गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. गेल्या वर्षी मार्चअखेर निजामुद्दीनचं प्रकरण झालं आणि देशभर टीव्हीवरून असं चित्र उभं केलं गेलं की कोरोना तबलिगींनीच आणला. भाजीवाल्यांना नावं विचारली गेली. पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असावं असं मत नोंदवलं. पण त्याआधीच, एप्रिलमध्ये, बरे झालेल्या तबलिगींनी दिल्लीत प्लाझ्मा द्यायला सुरुवात केली होती. ज्यांना ‘फैलावणारे’ म्हटलं, तेच रांगेत उभे राहून आपलं रक्तद्रव्य देत होते, तेही रोज्याच्या दिवसांत.

मग भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची रीतसर चाचणी घेतली. निकाल आला की प्लाझ्मा मिळालेले आणि न मिळालेले, दोन्ही गटांत आजार बळावण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण जवळजवळ सारखंच. काही मित्रांना हे ऐकून वाईट वाटलं. आपल्या लोकांचं दान वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. ज्या दिवशी त्यांनी प्लाझ्मा दिला त्या दिवशी तो उपयोगी पडेल असं मानायला कारण होतं, आणि दान देणाऱ्याने तेवढंच पाहायचं असतं. पण त्यांनी दिला म्हणून प्लाझ्मा गुणकारी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एखादी गोष्ट आपल्या अभिमानाची आहे म्हणून तिला तपासणीतून सूट द्यायची नाही, आणि एखादी गोष्ट आपल्याला न आवडणाऱ्या सरकारकडून आली म्हणून तपासण्याआधीच ती खोटी ठरवायची नाही. लशीकडे आपण असंच पाहू.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा की एवढ्या लवकर लस कशी आली? लशीला तर दहा वर्षं लागतात ना?

याचं उत्तर जेद्दाहपासून सुरू होतं. २०१२ साली जेद्दाहच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या अली मोहम्मद झाकी या इजिप्शियन विषाणूतज्ज्ञांना न्यूमोनियाच्या एका रुग्णात अनोळखी कोरोनाविषाणू सापडला. त्यालाच पुढे मर्स हे नाव मिळालं. उंटांमधून माणसात येणारा, मोठ्या प्रमाणात जीव घेणारा हा आजार. हज आणि उमऱ्यासाठी जगभरातून माणसं जिथे जमतात तिथे तो निघाला, म्हणून शास्त्रज्ञ धास्तावले. ऑक्सफर्डमध्ये सारा गिल्बर्ट यांच्या गटाने त्यावर लस बनवायला घेतली. चिंपांझींना सर्दी करणारा एक विषाणू घ्यायचा, तो माणसात वाढू शकणार नाही असा पांगळा करायचा आणि त्याच्या पाठीवर कोरोनाविषाणूच्या काट्याचा नमुना लादून शरीराला दाखवायचा. या मर्सच्या लशीच्या माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या होत्या, आधी ऑक्सफर्डला आणि डिसेंबर २०१९ मध्ये सौदी अरेबियात.

जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूची जनुकीय रचना जगासमोर ठेवली. ऑक्सफर्डच्या गटाकडे वाहन तयार होतं, फक्त त्यावरचा माल बदलायचा होता. तीच लस आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ‘कोविशील्ड’ या नावाने बनते. म्हणजे दहा महिन्यांच्या लशीमागे आठ वर्षांचं काम आहे. एरवी वेळ जातो तो पैशांची वाट पाहण्यात, परवानगीच्या फायलींत, पुरेसे स्वयंसेवक आणि पुरेसे रुग्ण मिळण्यात. यंदा पैसे आधी मिळाले, परवानग्यांचं काम चाचण्यांच्या जोडीनेच चाललं, आणि रुग्ण, दुर्दैवाने, कमी नव्हते.

दुसरी वाट फायझर-बायोएनटेकच्या लशीची. बायोएनटेक ही जर्मन कंपनी उगुर शाहीन आणि ओझलेम तुरेजी या डॉक्टर नवरा-बायकोने उभी केली. दोघंही तुर्की स्थलांतरितांच्या घरातले. शाहीन यांचे वडील जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात कामगार होते. या लशीत विषाणू नसतोच. विषाणूच्या काट्याची नुसती पाककृती एका चिठ्ठीवर लिहून पेशीला दिली जाते. पेशी त्याप्रमाणे काटा बनवते, शरीर तो ओळखायला शिकतं आणि चिठ्ठी थोड्या वेळात विरून जाते. आपल्या जनुकांची मूळ वही वेगळ्या खोलीत, म्हणजे पेशीच्या केंद्रकात असते. तिथे ही चिठ्ठी जातच नाही, त्यामुळे ‘लशीने माणसाचा डीएनए बदलतो’ हा मेसेज निखालस खोटा आहे. या लशीची अडचण वेगळीच आहे. ती उणे सत्तर अंशांत ठेवावी लागते. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात साध्या फ्रिजची वीज टिकण्याची मारामार, तिथे उणे सत्तर कुठून आणणार? कोविशील्ड दोन ते आठ अंशांत टिकते. आपल्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

‘९५ टक्के परिणामकारक’ म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी आकडे फेकले तर गोंधळ होणार नाही. फायझरच्या चाचणीत ४३ हजारांहून जास्त लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते ना टोचणाऱ्याला माहीत, ना टोचून घेणाऱ्याला. पुढे त्यांच्यातले १७० जण कोरोनाने आजारी पडले. पाकिटं उघडली तेव्हा कळलं की १६२ मिठाच्या पाण्याच्या गटातले होते आणि फक्त ८ लस घेतलेल्यांतले. ऑक्सफर्डच्या लशीचे डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेले आकडे इतके झळझळीत नाहीत. तिथे १३१ रुग्णांपैकी १०१ लस न मिळालेले आणि ३० लस मिळालेले, म्हणजे सरासरी सत्तर टक्के. पण त्यातलीच एक ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिल्या डोसनंतर तीन आठवडे उलटल्यावर कोरोनामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलं ते दहा जण, आणि ते दहाही लस न मिळालेल्या गटातले होते. घरात सर्दी-तापाने पडून राहणं आणि ऑक्सिजनच्या खाटेसाठी फिरणं यातला फरक गेल्या सप्टेंबरमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलाय.

आता कोवॅक्सिन. ही हैदराबादच्या भारत बायोटेकची, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू मारून बनवलेली. ही पद्धत जुनी आणि ओळखीची आहे, सुरुवातीच्या चाचण्यांत सुरक्षिततेबद्दल चिंता वाटावी असं काही दिसलेलं नाही. पण ३ जानेवारीला तिला आणीबाणीची परवानगी दिली गेली तेव्हा २५,८०० स्वयंसेवकांवरच्या तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे हातात नव्हते. आजही नाहीत. हे मला पटलेलं नाही आणि देशातल्या अनेक शास्त्रज्ञांनीही त्यावर उघड प्रश्न विचारले आहेत. असा प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नाही, आणि ‘लस म्हणजे कट आहे’ असं म्हणणंही नाही. आकडे दाखवा, एवढंच म्हणणं आहे. औषध महानियंत्रकांनी ‘११० टक्के सुरक्षित’ असं म्हटलं, त्याने विश्वास वाढला नसेल, कमीच झाला असेल. नपुंसकत्वाची अफवा त्यांनी साफ फेटाळली, ते मात्र योग्यच केलं. तसा कोणताही पुरावा कुठेही नाही.

हलाल-हरामच्या प्रश्नावर हसू नका. दादी हा प्रश्न विचारते तो श्रद्धेतून, आणि त्याला सरळ उत्तर आहे. काही लशींमध्ये जिलेटिन टिकाऊपणासाठी वापरतात, ते डुकराचं असू शकतं, ही गोष्ट खरी. पण कोविशील्डमध्ये जिलेटिन नाही, कोवॅक्सिनमध्ये नाही, फायझरच्या आणि मॉडर्नाच्या लशीतही नाही. कोविशील्डमधल्या घटकांची यादी जाहीर आहे : साखर, मीठ, हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल, मॅग्नेशियमचा एक क्षार असं बरंच काही. त्यात इथेनॉलही आहे, हे तुम्हाला कुणी उद्या ‘लपवलेलं सत्य’ म्हणून पाठवण्याआधी मीच सांगतो. एका डोसमध्ये सुमारे दोन मिलिग्रॅम. पिकलेल्या केळ्यातही याहून जास्त निघतं.

डिसेंबरमध्ये मुंबईत काही संघटनांनी डुकराचं जिलेटिन असलेली लस चालणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा चर्चा मुख्यतः चिनी लशीची होती. इकडे ती लस येतच नाहीये. त्याच महिन्यात संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने सांगितलं की दुसरा पर्याय नसेल तर जिलेटिन असलेली लसही चालेल, कारण जीव वाचवणं आधी. सौदीचे राजे सलमान यांनी गेल्या शुक्रवारी लस घेतली. आणि एक साधी गोष्ट, आपल्या घरातून जो कुणी हजला गेला त्याने मेंदूज्वराची लस टोचून घेतलीच होती. तेव्हा कुणी चिपची गोष्ट काढली नाही.

उत्तर बरोबर असलं तरी उशिरा दिलं तर काय होतं, याचं उदाहरण इंडोनेशियात आहे. २०१८ साली तिथे गोवर-रुबेलाची मोहीम राबवली गेली. लस पुण्याच्याच सीरमची. मोहीम सुरू झाल्यावर वाद उठला, मग उलेमा परिषदेचा फतवा आला की लशीत डुकराचा अंश वापरला गेलाय, पण गरजेपोटी ती घेणं जायज आहे. लोकांनी पहिला अर्धा भाग ऐकला. आचेह प्रांतात मोहीम जवळजवळ कोसळली. या वेळी इंडोनेशियाने क्रम बदलला. ८ जानेवारीला उलेमा परिषदेने लस हलाल असल्याचं जाहीर केलं, आणि काल राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी कॅमेऱ्यासमोर ती टोचून घेतली.

आपल्याकडेही असं पूर्वी घडलंय. १८९७ साली मुंबईत प्लेगने हाहाकार केला होता. वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचली. सरकारी टोचणीवाल्यांना पाहून लोक पळत होते. तेव्हा विशीही न गाठलेल्या तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्यामागे हजारो खोजांनी. परळची हाफकिन संस्था ती याच कामातून उभी राहिली.

कालच्या तारखेचंही सांगतो. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला. भारतातला तो शेवटचा रुग्ण. मुलगी मुस्लिम कुटुंबातली होती आणि तिला डोस पाजलेले नव्हते. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण निघाले, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशातले, आणि तिथल्या मुस्लिम वस्त्यांत ‘हे थेंब आपली लोकसंख्या कमी करण्यासाठी आहेत’ अशी अफवा होती. तिला पुरून उरले ते कोण? दारोदार फिरणाऱ्या त्याच वस्तीतल्या बायका, मशिदीच्या भोंग्यावरून बूथची वेळ सांगणारे इमाम, आणि अलिगढ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द या विद्यापीठांतून आलेले लोक. परक्या अधिकाऱ्याला दार न उघडणारी आई ओळखीच्या मुलीला उघडायची. अफवा उतरवणाऱ्या बहुतेक बायका होत्या, हे मी नोंदवून ठेवतो.

आता पुढच्या काही महिन्यांचं. सध्या फक्त आरोग्य कर्मचारी, मग पोलीस, सफाई कामगार वगैरे. त्यानंतर पन्नाशीपुढचे आणि मधुमेह, हृदयविकार असे आजार असलेले. म्हणजे तुमची पाळी लांब आहे, अब्बा-अम्मींची आधी येईल. नोंदणी को-विन या यंत्रणेत होणार, फोटो असलेलं ओळखपत्र लागेल. आजीचं आधारवरचं नाव आणि मतदार कार्डावरचं नाव वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्तीला टाका, नंतर रांगेत वाद नको. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, ते टाळू नका. एखाद्याला जोरदार ॲलर्जी आली तर ती बहुधा तेवढ्यात कळते आणि औषध तिथेच असतं. हात दुखेल, एखाद-दोन दिवस ताप येईल. दुसरा डोस २८ दिवसांनी, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी संरक्षण तयार झालं असं धरायचं. त्याआधी कोरोना झाला तर लस खोटी ठरत नाही. मास्क इतक्यात उतरवायचा नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सध्या लस देत नाहीत, कारण त्यांच्यावर चाचण्या व्हायच्या आहेत.

बराच वेळ घेतला. चॅटमध्ये प्रश्न आलेत, पहिला घेतो. एका ताईंनी विचारलंय की एप्रिलच्या मध्यावर रमजान सुरू होईल, नेमकी तेव्हाच अम्मीची पाळी आली तर रोज्यात लस घेतलेली चालेल का? ही लस दंडाच्या स्नायूत टोचतात, ती पोटात जात नाही आणि तिच्यातून पोषणही मिळत नाही. अशा इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असंच बहुसंख्य उलेमांचं मत आहे. हवं तर तुमच्या मशिदीतल्या मौलानांना आत्ताच विचारून ठेवा आणि त्यांचं उत्तर ग्रुपवर टाका. दुसऱ्या दिवशी ताप चढला तर आजाऱ्याला रोजा सोडण्याची सवलत आहेच, तो नंतर भरून काढता येतो. जमलं तर वेळ इफ्तारच्या थोडी आधीची घ्या, म्हणजे घरी आल्यावर अम्मीला लगेच पाणी आणि लागली तर पॅरासिटामॉल देता येईल.